पन्नासपैकी सतरा

चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं '१७/५०' वाचून बायको म्हणाली, "पन्नासपैकी सतरा? अर्ध्या मार्काने नापास की हो!"

मला चित्रकारांनी काढलेली मोजक्या प्रतींची पुस्तकं जमवायचं वेड आहे. पेटीत सुटी, न शिवलेली पानं, मधूनमधून मूळ एचिंग, म्हणजे आम्लाने खोदलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, आणि खाली चित्रकाराची सही. पिकासोने रोमन कवी ओव्हिडच्या काव्यासाठी एचिंग केलेल्या १९३१ सालच्या पुस्तकाच्या १४५ प्रती निघाल्या होत्या. त्यातली एक मी रोज मनातल्या मनात विकत घेतो. प्रत्यक्षात खिसा बेताचा, म्हणून कपाटात चारच पेट्या. तेवढ्यांनाही पावसाळाभर कसरीपासून जपताना जीव मेटाकुटीला येतो.

तांब्याचा पत्रा म्हटलं की आम्हा नाशिककरांना तांबट लेनमधली घंगाळं आठवतात. एचिंगमध्ये त्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. उघड्या रेघा तेवढ्या आम्ल खातं. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. शाई भरण्यापासूनचं हे सगळं प्रत्येक प्रतीसाठी नव्याने. म्हणून तर पन्नास प्रतींतली सोळावी आणि माझी सतरावी सख्खी भावंडं असली, तरी जुळी नाहीत.

हे मी शेजारच्या काकांना रंगवून सांगत होतो. काका प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. नोटांची प्रेस तर १९२८ पासूनची. मी "हात..." म्हणेपर्यंत त्यांनी अंगठा चित्रावरून फिरवलासुद्धा.

"अहो, हे तर आमचंच काम!"

खिशातून पाचशेची नोट काढून त्यांनी मला डोळे मिटायला लावले. बोट आधी गांधीजींवर, मग माझ्या चित्रातल्या झाडावर. शाईचा तोच बारीक उंचवटा!

"नंबर आमच्याही नोटेवर असतो, सहीपण असते," काका म्हणाले. "फक्त साहेब प्रत्येकीवर बसून करत नाहीत." मग एकदम गंभीर झाले. "पन्नास झाल्यावर पत्र्याचं काय केलं?"

"आडवी रेघ मारून बाद केला."

"नक्की?"

बाद पत्र्याचा ठसा पेटीत शेवटी होता. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, मान डोलावली आणि नोट नीट घडी करून परत खिशात ठेवली.