बगळा पुसला, मग पाणी का नाही?

बेळगावजवळ येळ्ळूरच्या वाटेवर एक लेआउट पडलाय. मालकाला प्लॉट विकण्यासाठी ड्रोनने काढलेला 'वरून गोल फिरणारा फोटो' हवा होता, म्हणजे बोटाने फिरवला की चारी बाजू दिसणारा. एका जागेचे साडेचार हजार म्हटल्यावर ते फोनवरच हसले. "एवढ्यात लग्नवाले दिवसभर उडवतात. तू वीस मिनिटं उडवणार!"

वीस मिनिटं हे खरंच. पण सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातली मिलिटरी, त्यामुळे आधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघितल्याशिवाय मी बॅटरी लावत नाही. उतरल्यावर कॉम्प्युटरपुढे जाणारे चार तास तर कुणालाच दिसत नाहीत. ड्रोनमध्ये आपोआप गोल काढायची सोय असते. बरेच जण तेवढ्यावर भागवतात, मग अर्धं शिवार पिवळं आणि अर्धं निळं येतं. मी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) आणि रंग बांधून ठेवतो. एका जागी थांबून आठ-आठ फोटोंच्या तीन ओळी, शेवटी सरळ पायाखालचे दोन, असे 26. प्रत्येक कमी, मध्यम, जास्त अशा तीन उजेडांत, म्हणजे 78. मधेच ढगाची सावली सरकली तर सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशी दोनदा पहिल्यापासून करावं लागलं. तिसऱ्या वेळी घार मागे लागली. खाली बांधावर चारपाच शेतकरी जमलेले. "बायपासवाले काय तुम्ही?" हलगा-मच्छे बायपाससाठी जमिनी घेतल्यापासून इकडे आकाशात काही फिरलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. त्यांना स्क्रीन दाखवला. एका आजोबांनी राजहंसगड ओळखला, मग बोट सरकवत स्वतःचं शेत शोधलं. "हे बघ, बुडालंय."

बुडालंच होतं. बळ्ळारी नाला फुगला की तिथली भातं पाण्यात जातात, हे शहापूर-वडगावात पोराटोरांनाही ठाऊक. साध्या फोटोत मी पाठ फिरवून उभा राहिलो असतो. गोलाला पाठच नसते. लेआउटच्या कुंपणापलीकडे पाण्यावर नुसते भाताचे शेंडे आणि दारापर्यंत बुडालेली पंपाची खोली, सगळं आलं.

रात्री जोडून पाठवलं. अर्ध्या तासात मालकांचा फोन. "भाऊ, ते पाणी काढ."

"अण्णा, ते तिथं आहे."

"वरचं आकाश कुठलं रे?"

इथे मी अडकलो. माझ्या ड्रोनचा कॅमेरा क्षितिजाच्या फार वर वळत नाही. डोक्यावर भोक राहतं, ते मी भरतो. त्या फोटोत भरलेलं आकाश कणकुंबीचं होतं, गेल्या वर्षीचं. शिवाय एकच बगळा उडत दोन फोटोंत आला होता, त्यातला एक मी पुसला होता. कौतुकाने हे दोन्ही मीच त्यांना सांगून बसलो होतो, दर पटावा म्हणून.

"आकाश चिकटवलंस, बगळा पुसलास. त्याचे पैसे लावलास. पाण्याचे पण लाव की. हजार वाढवून घे."

मी नाही म्हटलं. आकाश बघून कोणी प्लॉट घेत नाही, हे उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. तेव्हा नुसतं "जमणार नाही" म्हणून फोन ठेवला. दोन हजार ॲडव्हान्स मिळाले होते, बाकीचे बुडाले. पुढे कुणीतरी उन्हाळ्यात काढून देईलच. मार्चमध्ये तिथे पाणी नसतं, आणि तो फोटो शंभर टक्के खरा असेल. हे मला अजून पचत नाही.

एक बदल केला. गेल्या आठवड्यात नंदगडजवळ काम होतं. ड्रोन उतरवला आणि बांधावर उताणा पडून मोबाईलने डोक्यावरचं आकाश टिपायला लागलो. शेजारच्या रानातली बाई कळशी घेऊन धावत आली.

"काय झालं ओ? ऊन लागलं काय?"