कामिनोची तयारी: उताराचा सराव

कामिनो या ख्रिस्ती तीर्थयात्रेच्या पायवाटेने फ्रान्समधील सां-जां-पिए-द-पोर येथून स्पेनमधील सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर चालायचे आहे, म्हणून आज पाठीवर पूर्ण सामान घेऊन दिवसभर सराव केला. पहिल्याच टप्प्यात पिरेनीज पर्वत ओलांडावा लागत असल्याने सगळे चढाचीच चौकशी करतात. माझ्या मते मात्र पायांची खरी परीक्षा उतारावर होते, कारण तिथे बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहतात आणि गुडघ्यांवर भार येतो. उतरण्यापूर्वी घोट्याजवळ बुटाची नाडी घट्ट आवळली, तेव्हा बोटे मोकळी राहिली. टाच चुरचुरू लागताच थांबून मोजा काढला, पाय कोरडा केला आणि लालसर झालेल्या जागी चिकटपट्टी लावली. सामान शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके असावे असे म्हणतात. म्हणून उद्या सामानातून जास्तीचे कपडे काढून ठेवणार आहे.