तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पाडलेत, मग स्वस्त कसे?

ठाण्यात, नौपाड्यातल्या कट्ट्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मला एकच प्रश्न येतो. 'काका, या प्रूफ संचाची संख्या त्या संचापेक्षा कमी आहे, मग हा स्वस्त कसा?' आणि विचारणारा असा बघतो, जणू भाव मीच पाडलाय. एकदाच सांगून टाकतो. प्रूफ संच म्हणजे टांकसाळीने संग्राहकांसाठी खास आरशासारखी चकचकीत पाडलेली नाणी, एका वर्षाची एकत्र; आणि संख्या म्हणजे असे किती संच निघाले ती. (नाणी 'छापतात' म्हणू नका, एवढं ऐका. नाणी पाडतात.)

अमेरिकेचे दोन चांदीचे प्रूफ संच घ्या, १९९९ आणि २०११. दोन्हींत ९० टक्के चांदीची नाणी सातच: पाच क्वार्टर (पाव डॉलर), एक डाइम (दहा सेंट), एक हाफ डॉलर. चांदी तोळामासाही कमीजास्त नाही. १९९९चे संच आठ लाखांच्या वर गेले, २०११चे पावणेसहा लाखांच्या आसपास. तरी १९९९चा संच ऐन भरात तीनशे डॉलरच्या वर विकला गेला, आणि २०११च्या संचाला ते दिवस कधी दिसले नाहीत.

कारण १९९९ला राज्यांच्या क्वार्टरची मालिका सुरू झाली, एकेका राज्याचं एकेक क्वार्टर. डेलावेअर पहिलं. वर्षाला पाच याप्रमाणे पन्नास राज्यं, म्हणजे दहा वर्षांचं काम. मधल्या कुठल्या वर्षी या छंदात शिरलेला माणूस मागे वळतो तो पहिल्या वर्षासाठी. पहिला खण रिकामा असला की अल्बम उघडताना रोज डोळ्यांत खुपतो. २०११ची क्वार्टर राष्ट्रीय उद्यानं वगैरेंची, तीही त्या वेगळ्या मालिकेच्या दुसऱ्या वर्षातली. तिथे मागे वळायला कोण बसलंय?

हे आज सांगतोय. २०११मध्ये माझं म्हणणं नेमकं उलटं होतं, आणि ते मी कळव्याला साडूंच्या घरी, त्यांच्याच सोफ्यावर बसून, कॅटलॉग मांडीवर घेऊन ऐकवलं होतं. 'आकडा बघा, आकडा खोटं बोलत नाही.' त्यांनी सहा संच घेतले. तेव्हा चांदी किलोला सत्तर हजारांच्या घरात होती, त्यामुळे सगळंच शहाणपणाचं वाटत होतं.

२०१९च्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते म्हणाले, 'चला, तुमची नाणी मोडू.' 'तुमची' म्हणाले. घेताना ती त्यांची होती.

दुकान स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. दुकानदाराने भिंग डोळ्याला लावून एकेक संच ट्यूबलाइटखाली तिरका धरला. एका हाफ डॉलरच्या आरशासारख्या पृष्ठावर दुधाचा थेंब वाळावा तसा पांढुरका डाग होता. प्लास्टिकचं आवरण कधी उघडलेलंही नव्हतं, तरी होता. दोन संचांचा पुठ्ठ्याचा बाहेरचा खोका नव्हता. वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला होता. त्याने त्या दोघांचे वेगळे पैसे कापले. मग कॅल्क्युलेटरवर चांदीचा त्या दिवशीचा भाव मारला, सदतीस हजारांच्या आसपास, आणि आकडा आमच्याकडे फिरवला. साडूंना संच जेवढ्याला घरात पडला होता त्याच्या निम्म्याहून कमी.

मी म्हटलं, 'अहो, याची संख्या कमी आहे.' त्याने मागच्या कपाटातून १९९९चा संच काढून काचेवर ठेवला. 'काका, संख्या कमी आहे, कबूल. पण हा मागायला माणूस येतो. तुमचा मागायला आठ वर्षांत तुम्हीच आलात, तेही विकायला.'

साडू काही बोलले नाहीत. चार संच दिले, दोन पिशवीत परत घातले. जांभळी नाक्यापर्यंत आम्ही चालत आलो. एरवी रसाच्या गाडीवर थांबल्याशिवाय न जाणारा हा माणूस, पण त्या दिवशी थांबला नाही. लग्नात मात्र प्रत्येक व्याह्यापुढे माझी ओळख करून दिली: 'हे आमचे नाणेतज्ज्ञ.'

मी सल्ला देण्याची फी घेतलेली नाही. चांदी पडणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण चांदी पडली म्हणून फक्त अर्धी चूक झाकते. दुकानदाराच्या काचेवरच्या त्या दुसऱ्या संचातही चांदी तेवढीच होती.

आता गंमत ऐका. लगेच पुढच्या, २०१२च्या चांदीच्या संचाची संख्या चार लाखांच्याही आत राहिली आणि त्याला चांगला भाव आला. म्हणजे आकडा खोटा नव्हता? आणि १९९९चा संच, ज्याने माझी अब्रू घालवली, तोही पुढे भरातल्या भावावरून चांगलाच घसरला. राज्यांची मालिका संपली, अल्बम भरले, मागे वळणारे कमी झाले. मग दुकानदार तरी बरोबर होता का? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय. ज्या दिवशी ज्या बाजूने भांडतो, ती पटते.

परवा साडूंचा फोन आला. कुठूनतरी ऐकलं होतं त्यांनी. 'तो २०१२चा एखादा मिळेल का हो?'

मी विचारलं, 'खोका नीट ठेवाल?'