कोंबडीचे उरलेले भाग आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य

आमच्या साताऱ्यात अजूनही बहुतेक गिऱ्हाइके जिवंत कोंबडी समोर कापून घेतात, कातडे काढायला लावतात आणि आवड असेल तर कलेजी-पेटा सोबत नेतात. मुंडी, पाय, आतडी, रक्त, पिसे असा वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा दुकानातच राहतो. त्यापासून कुत्र्या-मांजरांचे खाद्य करायचे म्हटले की पुष्कळांना तो निकृष्ट माल वाटतो. मला हे पटत नाही. हृदय आणि यकृत यांत टॉरिन असते. ते मांजरीच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि कमी पडले तर तिची दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. मान आणि पाय बारीक दळले की कॅल्शियम मिळते (शिजवलेले अख्खे हाड मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये, त्याचे टोकदार तुकडे होतात). पिसांतील केराटिन हे प्रथिनच असले, तरी ते वाफेच्या दाबाखाली फोडल्याशिवाय पचत नाही.

कारखान्यात हा माल शिजवून त्यातील पाणी उडवतात, चरबी दाबून वेगळी काढतात आणि उरलेला चोथा दळतात. या भुकटीत साधारण 60 ते 65 टक्के प्रथिने असतात.

खरी अडचण त्याआधीची, वेळेची आहे. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेला हा माल काही तासांत कुजू लागतो. पुढे शिजवल्याने साल्मोनेलासारखे रोगजंतू मरतात, पण कुजताना तयार झालेले हिस्टामिनसारखे अपायकारक पदार्थ उष्णतेने जात नाहीत. साखर कारखान्यात बगॅस (उसाचा चोथा) आणि मळी हे उरलेले पदार्थ एकाच आवारात निघतात, म्हणून त्यांचा उपयोग सहज झाला. इथे मात्र माल गल्लोगल्लीच्या दुकानांत विखुरलेला आहे आणि तो घंटागाडीतून इतर कचऱ्याबरोबर नेला की खाद्याच्या दृष्टीने संपलाच. त्यासाठी दुकानात झाकणाचे डबे, बर्फ आणि रोज ठरल्या वेळी येणारी वेगळी गाडी लागेल.

पिशवीवर ‘पर्यावरणपूरक’ असे छापलेले असले, तरी मी आधी माल कुठून आला हे पाहीन. मोठ्या प्रक्रिया केंद्रांतील भुकटी कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात आधीपासूनच जाते. तीच कुत्र्यांकडे वळवली तर त्या खाद्यांसाठी सोयाबीन पेंड किंवा मासळीची भुकटी जास्त लागेल. आज खड्ड्यात किंवा ओढ्यात जाणारा माल वापरात आला, तरच काही वाचले असे म्हणता येईल.