पर नसलेली पाठ

फेब्रुवारीतली सकाळ. मतलई वारा पडला होता आणि मालवणजवळच्या देवबागच्या संगमाबाहेरचा समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झाला होता. डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेते त्याला आता पाचवं वर्ष, पण असं पाणी हंगामात मोजकेच दिवस मिळतं. होडीत कोल्हापूरचं नऊ जणांचं कुटुंब, सुकाणूवर माझे चुलतकाका.

भोगव्यासमोर तीन डॉल्फिन दिसले. आमच्याकडचे हे कुबडवाले, किनारा धरून उथळ पाण्यात राहणारे. आधी चोच, मग कुबडावरचा छोटा पर, मग शेपूट, असे सावकाश वर येतात. पण चार होड्या त्यांच्या मागे लागल्या होत्या. चहूकडून इंजिनांचा आवाज आला की ते बुडी मारतात आणि भलतीकडेच निघतात. जगभरात धोक्यात आलेली ही जात आहे, तिचा असा पाठलाग मला बघवत नाही. काकांना म्हटलं, आपण निवतीच्या बाजूला जाऊ आणि इंजिन बंद करून थांबू.

"हंय कायच नाय गो," काका म्हणाले. तरी त्यांनी इंजिन बंद केलं. सहा वाव, म्हणजे अकराएक मीटर पाणी, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली. दहा मिनिटं गेली, मुलं कंटाळली.

मग उजव्या हाताला श्वास ऐकू आला. डॉल्फिनचा जोरात येतो, हा अगदी हलका होता. वळले तर काळपट राखाडी पाठ पाण्यातून गोल फिरून आत जात होती. पर नाही. चोच नाही. पाणी उडालं नाही. तिच्यामागे दुसरी.

माझे हात थरथरायला लागले. हा प्राणी मी आधी पाहिला होता, पण मेलेला. दोन वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर लागला होता, जेमतेम माझ्या उंचीचा. लोक म्हणाले, डॉल्फिनचं पिल्लू आहे, कोणीतरी पर कापलाय. मी हात फिरवून बघितलं. कापल्याची खूण नव्हती, पाठीच्या मधोमध बारीक पुटकुळ्यांची खरखरीत पट्टी होती. तो फिनलेस पॉरपॉइज होता, डॉल्फिनच्या नात्यातला छोटा प्राणी, त्याला पाठीवर पर नसतोच. तोंडाशी मात्र जाळ्याच्या धाग्याचे वळ होते. हवेत श्वास घेणारा जीव कांडाळीत, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात अडकला की वर येता येत नाही, गुदमरून मरतो. संरक्षित जीव जिवंत सोडायला जाळं कापलं, तर 2018 च्या डिसेंबरपासून सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. काकांच्या ओळखीतल्या दोघांनी कासवं अशी सोडली आहेत. पण पॉरपॉइज जाळ्यात जिवंत सापडायला माणूस वेळेवर तिथे पोचावा लागतो.

"ताई, हा उडी नाही मारत?" एका मुलाने विचारलं.

"नाही मारत. हा लाजरा आहे, होडी आली की दूर जातो. आज आपण गप्प आहोत म्हणून आलाय."

त्याची आजी वाकून बघत होती. "डोहात म्हस बसल्यागत दिसतंय की," ती म्हणाली. इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठेच वाचलं नव्हतं. चार-पाच मिनिटं ते दोघे तिथेच होते, मग दिसेनासे झाले. काका बराच वेळ त्याच जागी बघत राहिले. "चाळीस वर्सां हय मासे मारतंय," ते हळूच म्हणाले, "जित्तो कधी बगलंय नाय."

काकांनी तो खरंच पाहिला नसेल, की पाहून ओळखला नसेल? घरी येऊन मी माझी वही काढली. मागच्या हंगामात तीन ठिकाणी लिहिलं होतं: "कासव? पाठ दिसली, परत वर आलं नाही." तिन्ही दिवशी वारा नव्हता. त्या नोंदी खोडल्या नाहीत, प्रत्येकीपुढे पेन्सिलने "पॉरपॉइज?" एवढंच लिहिलं. मग आजची नोंद, पेनाने: निवतीच्या अलीकडे, सहा वाव, सुकती, वारा नाही. दोन. जिवंत.