अग्निप्रदीपनाला दोन दिवस आणि सुरू न होणारा स्काडा

आमच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला दोन दिवस उरले होते. पावसाळाभर बंद असलेला कंट्रोल रूममधील स्काडाचा, म्हणजे यंत्रांवर पडद्यावरून देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचा, संगणक मी त्या सकाळी प्रथमच चालू केला. विंडोज व्यवस्थित उघडले, परंतु स्काडाचा रनटाइम, म्हणजे प्रत्यक्ष देखरेख करणारा प्रोग्राम, अर्ध्या मिनिटात बंद पडला आणि पडद्यावर परवाना सापडत नसल्याचा संदेश तेवढा उरला. यंत्रांचे प्रत्यक्ष नियंत्रण करणारा पीएलसी स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारे संरक्षण) शाबूत होते. तरीही ड्रममधील पाण्याची पातळी, भट्टीचा ड्राफ्ट आणि वाफेचा दाब एका नजरेत दिसत नसताना बॉयलर पेटवणे मला मान्य नव्हते.

संदेशावर विसंबून मी परवान्याच्याच मागे लागलो आणि त्यात अख्खी सकाळ गेली. डोंगल, म्हणजे परवाना तपासण्यासाठी लावायचा छोटा यूएसबी खटका, दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून पाहिला, त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवला. डेटाबेसची सर्व्हिस चालू होती आणि पीएलसीला पिंग केल्यावर उत्तरही येत होते. पुरवठादाराच्या अभियंत्याने फोनवर सॉफ्टवेअर काढून नव्याने बसवण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, कारण आमचा शेवटचा बॅकअप हंगामाच्या मध्यावरचा होता आणि त्यानंतर अलार्मच्या मर्यादांमध्ये केलेले सगळे बदल त्यात वाहून गेले असते.

हे सॉफ्टवेअर रोजची एक लॉग फाइल तयार करते. फोल्डर तारखेच्या क्रमाने लावलेले होते आणि सर्वांत वरची फाइल मार्चमधील, म्हणजे गेल्या हंगामाच्या अखेरची होती. त्यावरून आज लॉग लिहिण्यापर्यंत रनटाइम पोहोचतच नसावा, असे मी धरून चाललो. दुपारी तीच यादी तळापर्यंत नेली, तेव्हा अगदी शेवटी १ जानेवारी २०१० या तारखेची एक फाइल दिसली. त्या साली हा संगणक कारखान्यात आलेलाही नव्हता! ऑपरेटरने चुकून स्काडाच्या बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही टास्कबार लपवून ठेवतो. त्यामुळे चुकलेले घड्याळ सकाळपासून कोणाच्याच नजरेस पडले नव्हते.

ती फाइल मी वरून खाली वाचत गेलो. पहिली नोंद परवान्याची नव्हतीच. यंत्रणांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या ओपीसी यूए जोडणीतील ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र वेळेच्या कारणाने अवैध ठरले होते. अशा प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे नोंदलेले असते आणि संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. आमचा मुदतीचा परवानाही पुढच्या ओळीत त्याच कारणाने नाकारला गेला होता. पडद्यावर मात्र साखळीतील हा शेवटचा दुवा तेवढा आला होता.

घड्याळ मागे का गेले, हे ज्येष्ठ ऑपरेटरांशी बोलताना उलगडले. "साहेब, विजा फार कडाडत होत्या, म्हणून जूनमध्येच सगळे प्लग काढून ठेवले होते," ते म्हणाले. प्लग काढले हे योग्यच होते, पण तेव्हापासून घड्याळाचा सगळा भार मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर होता. तो सीआर २०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला, तर ३ व्होल्टच्या जागी २ व्होल्टही भरेनात.

नवा सेल घातला, बायोसमध्ये तारीख आणि वेळ दुरुस्त केली आणि संगणक कारखान्याच्या टाइम सर्व्हरशी जोडला. ट्रेंडच्या, म्हणजे मोजमापांच्या वेळेनुसार काढलेल्या आलेखांच्या, जुन्या नोंदींत २०१० सालच्या नोंदी मिसळू नयेत म्हणून हे सर्व होईपर्यंत मी रनटाइम पुन्हा चालवला नाही. त्यानंतर तो पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. संपूर्ण प्रकल्पाचा बॅकअप लगेच घेतला. मग मुख्य पुरवठा दहा मिनिटे तोडून संगणक पुन्हा चालू केला, तेव्हा घड्याळ बरोबर होते आणि ड्रमची पातळी पडद्यावर दिसत होती. सेल बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी आता कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, आणि हंगामपूर्व तपासणीच्या तक्त्यात घड्याळ पाहण्याची ओळ मी डोंगलच्या वर घातली आहे.