तीन मुक्या चौकटी

शनिवार, रात्री साडेदहा

आज दुपारी वाचनालयातून ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे तीन जाडजूड खंड आणले आणि रात्रीची भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून जेवणाच्या टेबलावरच ते चाळत बसलो. मला हवी होती ती २२ डिसेंबर १९६२ ची पट्टी. चारच चौकटी आहेत. पहिल्या तिन्ही चौकटींत चार्ली ब्राउन आणि लायनस शेजारी शेजारी खिन्न बसलेले. एक अक्षर नाही, एकही रेषा इकडची तिकडे होत नाही. चौथ्या चौकटीत चार्ली ब्राउन एकाएकी टाहो फोडतो, की मॅकव्हीने तो चेंडू नुसता तीन फूट उंच का मारला नाही! मॅकव्ही कोण, चेंडू कुठला, याचा खुलासा चित्रकार चार्ल्स शुल्झ करत नाही. ज्यांना ती जखम झाली होती त्यांना खुलाशाची गरज नव्हती.

जखम दोन महिन्यांची होती. १६ ऑक्टोबर १९६२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत आला, तेव्हा न्यूयॉर्क यँकीज १–० असे पुढे होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचे दोन बॅटर बाद झालेले होते आणि तिसऱ्या बेसवर मॅटी अलू व दुसऱ्या बेसवर विली मेज उभे होते. जायंट्सच्या विली मॅकव्हीने चेंडू असा सणसणीत मारला, की तो कोणाच्या डोक्यावरून गेला असता तर दोघेही होम बेसवर परतून दोन धावा झाल्या असत्या आणि अजिंक्यपद सॅन फ्रान्सिस्कोत राहिले असते. तो गेला थेट यँकीजच्या बॉबी रिचर्डसनच्या ग्लव्हमध्ये, आणि सामना संपला. शुल्झ स्वतः उत्तर कॅलिफोर्नियात राहणारा, जायंट्सचा माणूस. त्याने दोन महिने कळ सोसली आणि मग तीन रिकाम्या चौकटी काढल्या.

मला त्या पट्टीतले चौथ्या चौकटीचे वाक्य आवडते, पण ती पट्टी माझ्या मनात राहिली आहे ती पहिल्या तिन्हींमुळे. वर्तमानपत्रातली जागा इंचांनी मोजून मिळते. तिच्यातला तीन चतुर्थांश भाग काहीही न बोलता खर्च करणे हे धाडस आहे. लहानपणी ‘सकाळ’ हातात आला, की बातम्यांच्या आधी ‘चिंटू’ वाचणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांना विचारले तर तेही सांगतील, की हसू येते ते बहुधा शेवटच्या चौकटीच्या आधी चित्रकार क्षणभर थांबतो म्हणून.

रविवार, दुपार

कालचे मनात घोळत होते, म्हणून आज शेंगा सोलता सोलता बेसबॉलचा निवेदक विन स्कली याची जुनी ध्वनिमुद्रणे लावली. खरे तर हे आडनाव मी पुण्यात असतानाच ऐकले होते, पण ते ‘एक्स-फाइल्स’मधल्या डॉक्टर डॅना स्कलीचे म्हणून, त्या मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टर याने आपल्या आवडत्या बेसबॉल निवेदकाचे आडनाव त्या पात्राला दिले, हे मला लॉस एंजेलिसला आल्यावर कळले. तोवर मूळ स्कलीची डॉजर्स या संघासाठीची कॉमेंट्री पन्नास वर्षांच्या पलीकडे गेली होती. १९५० साली ब्रुकलिनमध्ये सुरुवात, संघ १९५८ पासून लॉस एंजेलिसमध्ये खेळू लागला तेव्हा त्याच्याबरोबर इकडे, आणि २०१६ साली निवृत्ती: एकूण ६७ हंगाम. शुल्झची चित्रमालिकाही १९५० च्याच ऑक्टोबरात सुरू झाली. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची खोड मला आहे. तरी हा योगायोग मी मोडीत काढणार नाही.

मी लावला तो ९ सप्टेंबर १९६५ चा नववा डाव. डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेम टाकतो आहे, म्हणजे सव्वीसच्या सव्वीस बॅटरांपैकी एकही बेसवर पोहोचलेला नाही आणि आता सत्ताविसावा, हार्वी क्यून, समोर आहे. स्कली मध्येच घड्याळातली वेळ सांगतो. प्रेक्षकांच्या पोटात लाखो फुलपाखरे फडफडत असतील म्हणतो, पिचरच्या उंचवट्याला जगातली सर्वांत एकाकी जागा म्हणतो. शेवटचा चेंडू क्यूनकडून हुकतो, स्कली ‘परफेक्ट गेम’ एवढे सांगतो आणि गप्प होतो. मी सोललेली शेंग हातातच धरून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ निव्वळ गर्दीचा आवाज येत होता, उसळणारा, थोडा ओसरणारा, पुन्हा उसळणारा. मग स्कली परत येतो आणि उजव्या बाजूच्या धावफलकावरची वेळ सांगतो: रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटे. प्रेक्षक २९,१३९. इतकी कोरडी नोंद, जणू तलाठ्याने पंचनाम्यात लिहावी. आणि त्या आरोळीनंतर ती ऐकताना अंगावर काटा येतो.

एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून मी १५ ऑक्टोबर १९८८ चीही चित्रफीत पाहिली. वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना, ओकलंड ४–३ ने पुढे, दोन बाद, एक खेळाडू बेसवर, आणि दोन्ही पाय दुखावलेला डॉजर्सचा कर्क गिब्सन लंगडत बॅटिंगला येतो. चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला, की स्कली तो गेल्याचे दोन शब्दांत सांगतो आणि पुढे मिनिटाहून अधिक काळ तोंड उघडत नाही. गिब्सन बेसमागून बेस लंगडत पार करतो, हाताची मूठ मागे-पुढे हलवतो, डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावर, बसलेला सगळा संघ मैदानात येतो, आणि हे सारे आपण आपल्या डोळ्यांनी पाहत राहतो. हे दूरचित्रवाणीवरचे होते, तिथे चित्र बोलते, हे मान्य. पण कोफॅक्सच्या रात्री तो रेडिओवर बोलत होता, आणि रेडिओवर गप्प बसणे म्हणजे दुकान उघडे टाकून निघून जाण्यासारखे आहे. तरीही तो गेला.

याचे मूळ त्यानेच अनेकदा सांगितलेले आहे. सात-आठ वर्षांचा असताना तो घरातल्या चार पायांच्या मोठ्या रेडिओखाली उशी घेऊन आडवा व्हायचा, फुटबॉलचे सामने ऐकायचा, आणि त्याला खेळातले काही कळायचे नाही; वरून अंगावर कोसळणारा गर्दीचा आवाज मात्र हवाहवासा वाटायचा. म्हणजे मोठेपणी त्याने जे केले ते एवढेच, की जो आवाज त्याला आवडायचा त्याच्या आड तो आला नाही.

आमचे आजोबा सामन्याच्या दिवशी दारात खुर्ची टाकून मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसत आणि बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन लावत. आम्ही मुले बोललो तर ते आमच्यावर डाफरत, पण पंडित श्वास घ्यायला थांबले आणि मागून मैदानाचा गलका आला, की बोट वर करून ‘ऐका’ म्हणत. मला त्या वेळी वाटे, की यात ऐकायचे काय आहे? पुढे इथे आल्यावर वाचले, की १९५८ ते १९६१ ही चार वर्षे डॉजर्स कोलिसियम नावाच्या ज्या अवाढव्य मैदानावर खेळले, तिथे प्रेक्षक खेळाडूंपासून इतके लांब बसत, की समोर चाललेला सामना कळावा म्हणून ते ट्रान्झिस्टर बरोबर घेऊन येत आणि स्कलीला ऐकत. १९६० साली त्याने रेडिओवरून सुचवले, की पंच फ्रँक सेकोरी यांचा वाढदिवस आहे, आपण सर्वांनी एकदम शुभेच्छा देऊ. त्याने एक-दोन-तीन म्हटले आणि सबंध मैदान ओरडले. आजोबांना ही गोष्ट फार आवडली असती. पंचाला शुभेच्छा कशाला, एवढी शंका मात्र त्यांनी काढलीच असती.

रविवार, रात्री

आता संध्याकाळच्या सामन्यावर थोडी कुरकुर करून घेतो. तिघे निवेदक होते आणि तिघेही हुशार होते. चेंडू बॅटवरून किती अंशांनी, किती वेगाने निघाला हे त्यांनी तो जमिनीवर पडायच्या आत सांगितले. पैज लावायचे दर पडद्याच्या कोपऱ्यात सतत बदलत होते. सातव्या डावात होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) गेला तेव्हा तिघेही एकाच वेळी ओरडले आणि गर्दीचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला नाही. माझे वय झाले, असे म्हणून हा विषय बायकोने मिटवला आहे.

त्यानंतर तिसरा खंड काढून १९७३ च्या ऑगस्टमधल्या पट्ट्या वाचल्या. चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी जुन्या काळचा बेसबॉलपटू बेब रूथ याच्या ७१४ होम रनच्या विक्रमाच्या एका पावलावर आहे, आणि कुत्र्याने रूथची बरोबरी करू नये म्हणून त्याला द्वेषाने भरलेली पत्रे येत आहेत. त्याच महिन्यांत, खऱ्या बेसबॉलमध्ये त्याच विक्रमाजवळ पोहोचलेल्या हँक ॲरनला, तो काळा होता म्हणून, खरीखुरी तशी पत्रे येत होती. शुल्झने भाषण दिले नाही; पत्रे कुत्र्याच्या घरावर आणून टाकली. स्नूपीचे पुढे काय होते? मोसमाचा शेवटचा डाव, स्नूपी बॅट घेऊन उभा, आणि चार्ली ब्राउन बेसवरून पुढे सरकताना बाद होतो. संपले. ॲरनने मात्र ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटामध्ये ७१५ वा होम रन मारला. स्कली त्या वेळीही आधी गप्प राहिला, फटाके आणि आरोळ्या होऊ दिल्या, आणि मगच म्हणाला, की दक्षिणेत खोलवर एका काळ्या माणसाला सारे मैदान उभे राहून दाद देते आहे. आधीची शांतता नसती तर ते वाक्य घोषणा वाटले असते.

हे लिहीत असताना धाकटी पाणी प्यायला आली आणि टेबलावर उघडी पडलेली १९६२ ची पट्टी पाहून तिने विचारले, “बाबा, या तीन चौकटींतले शब्द छापायचे राहिले का?” मी तिला चौथी वाचायला सांगितली, मॅकव्हीची हकीकत सांगितली, आणि दुसऱ्या खंडातली २८ जानेवारी १९६३ ची पट्टीही दाखवली, जिच्यात तेच दोघे तसेच मुके बसले आहेत आणि शेवटी चार्ली ब्राउन विचारतो, की निदान दोन फूट तरी उंच का नाही मारला? तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, बोटांवर काहीतरी मोजले आणि ग्लास घेऊन निघताना विचारले, “मग एका फुटावर तो कधी येतो?”